करुणावहिनींची चावी

आंधळगावच्या हेमराज सोनकुसरेंना कॉम्प्युटरचा राग, आणि मला कॉम्प्युटरचा राग असलेल्या माणसांचा राग. म्हणजे आमचं जमायचं काही कारण नव्हतं. मोहाडीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोक मशीन आणतात, "कालपर्यंत चांगलं होतं" म्हणतात, आणि उघडून पाहावं तर आत पालीचं अख्खं कुटुंब नांदत असतं. अशांशी बोलून बोलून माझी जीभ तिखट झाली आहे, हे मला मान्य आहे. हेमराजभाऊंवरही ती चालली. त्याचं आता फार वाईट वाटतं.

भाऊ कोसा रेशीम विणतात. त्यांचे वडील विणायचे, आजोबा विणायचे. करवतकाठी साडीला आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात, एकट्याचे हात पुरत नाहीत, पलीकडून धोटा परत द्यायला कुणीतरी बसावं लागतं. सत्त्याण्णव साली लग्न झालं आणि पलीकडे करुणावहिनी बसल्या. भाऊ मुलखाचे अबोल. वहिनी दोघांच्या वाटचं बोलायच्या. मागाची खटखट आणि वहिनींचा आवाज, रस्त्याने जाणाऱ्याला दोन्ही एकदमच ऐकू यायचं.

मग गावातल्या विणकर सोसायटीला एक कॉम्प्युटर मिळाला आणि सोबत नक्षी काढायचा प्रोग्राम. चौकटींच्या कागदावर जी नक्षी हाताने रंगवायची, ती आता पडद्यावर रंगवायची. कोणत्या ओळीला कोणते धागे उचलायचे हे प्रोग्राम सांगतो, त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची आणि पत्ते मागावर चढवायचे. एवढंच त्याचं काम. पण त्याला एक चावी लागायची. बोटाच्या पेराएवढी, दिसायला पेनड्राइव्हसारखी. ती कॉम्प्युटरला लावलेली असेल तरच नक्षीच्या फाईली उघडणार, नाहीतर नाही. प्रोग्रामची कुणी चोरून नक्कल करू नये म्हणून कंपनीने केलेली ही सोय.

सोसायटीत बारावी झालेल्या वहिनी एकट्याच. नागपूरला सहा आठवडे राहून शिकून आल्या. पुढे सोसायटी बंद पडली, मशीन कुणालाच नको होतं, ते वहिनींच्या घरी आलं आणि त्याच्या मागोमाग मीही. दर पावसाळ्यात त्याचं काहीतरी दुखायचं.

"संघपालभाऊ, याले नीट करा, नाहीतर मी याच्यावर पापड वाळू घालीन," वहिनी म्हणायच्या.

मी म्हणायचो, "नवीन विंडोज टाकून घ्या आता."

"माहा प्रोग्राम चालते का त्याच्यावर?"

"नाही चालत."

"मंग कायले टाकू?"

प्रोग्राम विंडोज एक्सपीच्या काळातला, त्याच्यावरच चालायचा. बनवणारी कंपनी केव्हाच गुंडाळली होती. एकदा मी त्यांचा नंबर लावला तर कुणा बाईंच्या घरी लागला, आणि त्यांनी मलाच झापलं.

हेमराजभाऊ मात्र त्या मशीनच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. बायको मागावरून उठली ती याच्यामुळे, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. माउसला त्यांनी कधी बोट लावलं नाही. मी गेलो की "या" म्हणायचे आणि पुन्हा धोटा फेकायला लागायचे.

एकवीस सालची गोष्ट. वहिनी राखीच्या पदराची नक्षी काढत होत्या. राखी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, तेव्हा सतरा वर्षांची. तिच्या लग्नात आईच्या नक्षीची आणि बापाच्या हातची साडी असावी, हा वहिनींचा ध्यास. सात-आठ महिने त्या स्वयंपाक आटोपला की बसायच्या. कुणाला काही दाखवायच्या नाहीत. भाऊ चुकून मागे येऊन उभे राहिले की पडदा बंद. "थान कापल्यावर पाहा," म्हणायच्या. पदर विणताना कापडाची उलटी बाजू वर असते, सुलटी बाजू मागावरून थान कापल्यावरच दिसते, त्यामुळे विणकराच्या घरी हे बोलणं कुणाला लागत नाही. भाऊ हसून मागावर जायचे. घाई कशाची होती?

एका सोमवारी वहिनींनी नक्षी पुरी झाल्याचं घरात जाहीर केलं. गुरुवारी सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या त्यांच्या मेंदूतली नस फुटली. भंडाऱ्याला नेलं, पण काही उपयोग झाला नाही. त्रेचाळीस वर्षांच्या होत्या.

तेरावं झाल्यावर मी मशीन बंद करून झाकून ठेवायला गेलो. चावी काढून भाऊंच्या हातात दिली आणि म्हटलं, "ही जिवापाड सांभाळा. मशीन गेलं तर मी काहीतरी खटपट करीन. पण ही गेली तर वहिनींची एकही नक्षी उघडणार नाही, आणि दुसरी चावी मिळत नाही." भाऊंनी ती दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतली. एरवी कुणाचं न ऐकणारा माणूस, पण त्या दिवशी माझा शब्द न् शब्द ऐकला.

परवाच्या दिवाळीनंतर राखीचं लग्न ठरलं. मुलगा बपेऱ्याचा, शाळेत नोकरीला. दुसऱ्याच आठवड्यात भाऊ ते जुनं धूड मोपेडवर बांधून माझ्या दुकानात हजर.

"चालू नाही होऊन राहिलं, भाऊ. पदर विणाचा हाय पोरीचा."

"तीन वर्षं काय झोपले होते का?" मी म्हणालो. "वर्षातून एकदा तरी चालू करून पाहायचं असतं, हे काय लोणचं आहे का बरणीत घालून ठेवायला?"

मशीन पुरतं मेलं होतं, पण आतली डिस्क जिवंत होती. तिच्यातलं सगळं मी उतरवून घेतलं. नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम टाकायला गेलो तर नवी विंडोज त्याला ओळखही देईना. जुन्या पद्धतीने चालव म्हणून सांगून पाहिलं, तरी तेच. तीन दिवस गेले. गिऱ्हाईक ताटकळत होतं, घरची बोलत होती, पण मीही हट्टाला पेटलो. शेवटी नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा जुना कॉम्प्युटर उभा केला. नुसता प्रोग्रामच नव्हे, वहिनींचं अख्खं मशीन जसंच्या तसं एका खिडकीत चालू झालं. मागचं हिरवं चित्र तेच, फाईली तिथेच, आणि खाली इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, राखी पदर. मला इतका आनंद झाला की मी दुकानात एकटाच ओरडलो.

भाऊंना फोन केला, ते तासाभरात आले. पडद्यासमोर बसले. ते नाव त्यांनी अक्षर लावून वाचलं आणि मग पडद्यावर त्या नावावर बोट ठेवलं. इतक्या वर्षांत पडद्याला त्यांचं हे पहिलं बोट.

"उघडा ना," ते म्हणाले.

"चावी द्या."

"घरी हाय. देवापाशी."

तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. आम्ही बौद्ध, आमच्या घरी अवजारं पुजायची रीत नाही. त्यामुळे "देवापाशी" म्हणजे सुरक्षित जागी, एवढाच अर्थ मी घेतला. नवा कॉम्प्युटर गाडीवर घेतला आणि भाऊंबरोबर आंधळगावला गेलो.

मशीन मांडेपर्यंत राखी चहा ठेवायला आत गेली. भाऊंनी स्टीलचा डबा आणला. डब्यात लाल कापड, कापडाच्या घडीत चावी. कापराचा वास आला. चावीचं लोखंडी तोंड पिवळं पडलं होतं. मी बारीक ब्रशने, स्पिरिटने पुसून काढलं आणि लावून पाहिली. चावीवरचा दिवा लागला नाही. काढली, पुन्हा लावली. मागच्या बाजूला लावली. काही नाही. मग सुरीच्या टोकाने तिचं कवच उकललं. आत हिरवा गंज, आणि गंजात मुरलेली, वाळून दगड झालेली हळद.

"हे काय आहे?" मी जवळजवळ ओरडलोच. "पाणी कुणी घातलं याच्यावर?"

"हळू बोला," भाऊ म्हणाले. "पुजतो ना तिले दसऱ्याले. धोटा, फणी, अन् ही. तुमीच म्हणलं होतं, जिवापाड सांभाळा."

"तुम्ही धुतलीत?"

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "राखी धुते. पयले पाण्यानं, मंग दुधानं, मंग हळदकुंकू. चार दसरे झाले. माय समजून धुते जी ते पोरगी."

चूक माझी होती आणि ती मला तिथेच, पाटावर बसल्या बसल्या कळली. मी सांभाळा म्हटलं, कसं सांभाळायचं ते सांगितलं नाही. माझ्या लेखी सांभाळणं म्हणजे कोरड्या डब्यात घालून विसरून जाणं. त्या घरात ज्याच्यावर पोट चालतं, ज्याच्यावर जीव असतो, त्याला आंघोळ घालतात. मी त्यांच्या घरी पंधरा वर्षं चहा प्यायलो आणि एवढं मला माहीत नव्हतं.

"दुसरी नाहीच भेटत?" भाऊंनी विचारलं.

"नाही."

"अन् नक्षी आतमंदी हाय?"

"आहे. पुरी आहे. पण उघडणार नाही."

त्यांनी मान हलवली. पुन्हा पडद्यावरच्या त्या नावाकडे पाहिलं.

"म्या पाहिलंच नाही," ते म्हणाले. "एकडाव तरी पाहून घ्याले पाह्यजे होतं. ते नाही म्हणे अन् मी हसून जाऊ."

आणि हा माणूस रडला. आवाज न करता, सदऱ्याच्या बाहीत तोंड खुपसून, कारण लेक आत होती. मी कोणत्या तोंडाने त्यांच्या पाठीवर हात ठेवू? आतून कपबश्यांचा आवाज आला. त्यांनी घाईघाईने डोळे पुसले आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"राखीले सांगू नका. मशीन जुनं झालं म्हणा. तिच्या धुण्यानं गेलं हे तिले समजलं, तर जल्मभर सोताले खात राहीन ते."

मी चावीचं कवच कसंबसं मिटवलं. राखी चहा घेऊन आली.

"उघडलं का, काका?"

माझी एवढी तिखट जीभ, पण त्या वेळी टाळ्याला चिकटून बसली. भाऊच बोलले.

"नाही उघडत, बेटा. जुनं झालं सारं. नव्या मशीनवर नाही चालत ते."

ती उभीच राहिली. पडद्यावर तिचं नाव होतं, ते तिने वाचलं. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. ट्रे खाली ठेवला, माझ्यासमोरची चावी उचलली आणि ओढणीच्या टोकाने पुसली.

"मंग बाबा, ही मले द्या," ती म्हणाली. "मी बपेऱ्याले घेऊन जाईन. तुमच्यानं एकट्यानं दसऱ्याले हिचं काही होणार नाही. मी तिकडं पुजीन."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी लाल कापड झटकलं, चावीला नीट गुंडाळलं आणि ते गाठोडं लेकीच्या हातात दिलं.

"ने, माय," ते म्हणाले. "अन् आजवर धुतली तशीच चांगली धूत जा."