निवलेल्या भाकरीचा निकाल लावायला सोलापूरला

एका गाण्यातली बाई रडते आहे की भांडते आहे, एवढंच विचारायला कोणी करकंबाहून सोलापूरला जाईल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला शाळेच्या पडवीत अंगठे धरायला लावले असते. पण गेल्या संक्रांतीच्या आठवड्यात मी गेलो, रजा काढून गेलो आणि मांडीवर फोनोचा कर्णा घेऊन गेलो. कुणाचा तिकडं जायचा बेत असेल तर वाटेतल्या सोयी-गैरसोयी सांगतो. भांडण मात्र ज्याचं त्यानं घरून न्यावं.

आमच्या गावात फोनो एकच, तो विरूपाक्ष अप्पांचा. अप्पांचं किराण्याचं आणि तेलाचं दुकान, मागं घर, घरात मुलगा आणि सून. त्यांची बायको गौरव्वा अक्कलकोटकडची. चार वर्षांपूर्वी तापानं गेली. फोनो तिच्या हौसेचा, आणि त्यातली आवडती तबकडीही तिनंच सोलापूरच्या जत्रेत पसंत केलेली. ती होती तोवर अप्पांनी ते गाणं कधी बसून ऐकलं नाही. ती आतून जेवायला हाक मारायची, हे गल्ल्यावरून ‘बंदे, बंदे’ म्हणायचे. कानडीत ‘आलो, आलो’. एवढं म्हणून तासभर हलायचे नाहीत. ती गेल्यावर मात्र रोज दिवेलागणीला फोनो दुकानाच्या ओट्यावर येऊ लागला. तीन वर्षांपूर्वी माझी बदली करकंबात झाली, तेव्हापासून मीही त्या ओट्यावरचं कायमचं गिऱ्हाईक.

गाणं सोलापूरच्या सोनाबाईंचं. ‘किती उशीर केलास राया, भाकर निवून गेली, दारी उभी मी कधीची, चूल विझून गेली.’ शब्द एवढेच, पण आवाज काय सांगू! खोल विहिरीत घागर बुडावी तसा. पहिला ‘राया’ संपेपर्यंत माणसाचा विडा चघळून व्हायचा. मी गावातला शिकलेला, त्यामुळं अर्थ सांगायचं काम माझ्याकडं. हा राया आता कधीच येणार नाही, असं मी सिद्ध केलं होतं. भाकर म्हणजे आयुष्य, चूल म्हणजे काळीज. तव्याचा उल्लेख गाण्यात नव्हता म्हणून तो राहिला. अप्पा उपरण्यानं डोळे पुसत म्हणायचे, “तिनंबी अशीच वाट बघितली माझी, मास्तर.” फोनोला घाण्याच्या तेलाचा खमंग वास यायचा, त्यामुळं आम्हाला एकाच वेळी दुःख व्हायचं आणि भूकही लागायची.

असं सगळं सुखानं चाललं होतं. मग मी टेंभुर्णीच्या बाजारात सदरा शिवायला टाकला.

तिथले बाबूराव शिंपी स्वतःला सोनाबाईंचे पहिल्या नंबरचे भक्त समजतात. त्यांच्याकडंही फोनो आहे आणि हीच तबकडी आहे. मी माझा अर्थ सांगितला तर ते तोंडातली टाचणी काढून हसले.

“रडती? कुटं रडती? नवऱ्याला उभा-आडवा घेती की वो ती! मैना बोलल्यावानी आवाज हाय.”

“मैना? बाबूराव, तो आवाज पाताळातून येतो.”

“मास्तर, कान दाखवून घ्या.”

पुढं शब्दाला शब्द वाढला. ‘घरी येऊन ऐका’ असं ते म्हणाले. शत्रूच्या घरी गाणं ऐकण्याइतका मी पडलेला नव्हतो, आणि ‘तुम्हीच करकंबाला या’ म्हटल्यावर त्यांनीही तोच बाणा दाखवला. आज वाटतं, दोघांपैकी एकानं जरी नाक थोडं खाली घेतलं असतं तर सगळ्यांचं भाडं वाचलं असतं.

माझी चूक अशी की ही हकिगत मी अप्पांना हसत हसत सांगितली. अप्पा हसले नाहीत. फोनो झाकून ठेवला आणि म्हणाले, “मास्तर, ती बाई रडत नसंल, तर मी चार वरसं कशावर रडलो? संक्रांतीला ती बहिनीकडं सोलापुरात असती म्हनं. तिलाच इचारू. न्हाय म्हनली तर फोनो तितंच इकून येतो. मला परत ऐकवनार न्हाय.”

त्या म्हाताऱ्याला संध्याकाळचं तेवढंच होतं, आणि मी माझ्या विद्वत्तेपायी त्यावर पाणी ओतलं होतं. मनात म्हटलं, बाई, कशीही रड, पण रड.

पहाटे बैलगाडीनं मोडनिंबाला निघालो. रस्ता धुळीचा, पण दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, आणि वाटेत एका शेतात अप्पांच्या ओळखीच्या माणसानं हुरडा भाजून दिला. थंडीत जाणार असाल तर घोंगडी न्या आणि हुरड्याला नाही म्हणू नका. अप्पांनी फोनोची पेटी पोटाशी धरली होती, कर्णा माझ्याकडं. प्रत्येक खड्ड्याला अप्पा पेटीला ‘जपून ग’ म्हणत होते, मला कोणी म्हणत नव्हतं.

मोडनिंबहून लहान गाडी. ही गाडी इतकी सावकाश जाते की एक गृहस्थ उतरून, बोरं तोडून, पुन्हा त्याच डब्यात चढले. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीसाठी दोन तास थांबावं लागतं. स्टेशनाबाहेरचा चहा बरा, भजी कालची. तिथंच बाबूराव भेटले. निकाल ऐकायला तेही निघाले होते, आणि सोनाबाईंसमोर जायचं म्हणून नवा कोट शिवून घालून आले होते. माझा सदरा मात्र अजून झाला नव्हता.

गाडीत वादाला पुन्हा तोंड फुटलं. समोर मोहोळला चाललेली एक बाई कोंबडीची पाटी घेऊन बसली होती. तिनं माढा जाईपर्यंत आमचं ऐकून घेतलं.

“भाकर निवली ना?” ती म्हणाली.

“निवली,” मी म्हणालो.

“मग तव्यावर टाकायची की. त्यात रडायचं काय आन् भांडायचं काय? कामधंदा न्हाय व्हय तुमाला?”

तवा राहून गेल्याची टोचणी मला तेव्हा फार लागली.

सोलापूर स्टेशनावर टांगेवाल्यानं तीन माणसं पाहिली, मग कर्णा पाहिला, आणि चौथ्या सवारीचे पैसे मागितले. घासाघीस करूनही अर्धी सवारी लागलीच. शहरात गिरण्यांच्या भोंग्यावर माणसं उठतात, बसतात, जेवतात; रस्त्यावर एक वाक्य तेलुगूत सुरू होतं आणि मराठीत संपतं. बाजारपेठेमागच्या एका खाणावळीत उतरलो. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर दही, आणि अप्पांनी कानडीत दोन शब्द टाकताच हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर आली, तुपाच्या धारेसकट. सोलापूरला गेलात तर कानडी बोलणारा एक माणूस बरोबर ठेवा. अप्पांनी हुग्गी मला दिली. त्यांना घास जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याच्या अलीकडं सोनाबाईंच्या बहिणीचं घर शोधून काढलं. माझ्या डोळ्यांसमोर त्या आवाजाला शोभेल अशी धिप्पाड, गंभीर, पिकल्या केसांची बाई होती. दार उघडलं ते चवळीच्या शेंगेसारख्या एका बाईनं. हातात धपाटं, गालात घास. आम्ही तिच्या मागं पाहू लागलो.

“कोन पायजे?”

“सोनाबाई.”

“मीच की. या, आत या.”

आवाज खरोखरच मैनेसारखा होता. बाबूरावांनी माझ्याकडं असं पाहिलं की तसं पाहणं कायद्यानं बंद व्हावं. मला वाटलं, बाईंना सर्दी नसेल तेव्हाचा हा आवाज असावा.

धपाटी आणि ताक झाल्यावर अप्पांनी पेटी उघडली, चावी दिली, सुई ठेवली. ओळखीचा तेलकट वास सुटला आणि विहिरीच्या तळातून गाणं वर येऊ लागलं. “कि…ती… उ…शी…र…”

बाबूरावांचं तोंड उघडंच राहिलं. सोनाबाई आधी कर्ण्याकडं, मग आमच्याकडं, मग पुन्हा कर्ण्याकडं पाहत होत्या.

“हा बाप्या कोन?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच,” मी चोरट्या आवाजात म्हणालो.

त्या हसत सुटल्या त्या खांबाला धरूनच थांबल्या. आतून बहीण आली, शेजारीण आली, त्यांना पहिल्यापासून ऐकवण्यात आलं. ‘भाकर’ शब्द संपेपर्यंत शेजारणीला दोन वेळा घरी जाऊन चूल बघून यायला वेळ होता. बाबूराव म्हणाले, “अवो अप्पा, फोनो लई हळू फिरतोय तुमचा! माज्याकडं निम्म्या येळात संपतं!” मला माझी सगळी व्याख्यानं एकामागून एक आठवली. करकंबातली निम्मी पोरं ती पाठ म्हणून दाखवतात.

अप्पा मात्र हसत नव्हते. हसू ओसरल्यावर त्यांनी हात जोडले. “बाई, खरं सांगा. हे म्हनताना तुमी रडत व्हता का भांडत व्हता?”

सोनाबाईंनी थोडा विचार केला. “खरं सांगू का बाबा? भूक लागली हुती. सकाळपासून गळा मोकळा पायजे म्हनून उपाशी ठिवलेलं. डब्यात भाकर हुती, ती डोळ्याम्होरं निवत हुती. आन् तो तबकडीवाला सायेब ‘तीन मिन्टांत, तीन मिन्टांत’ म्हनून हात हलवतोय. म्हनलं उरकावं आन् जेवावं.”

म्हणजे बाबूरावही हरले होते. एरवी मी उडीच मारली असती. पण अप्पांनी तबकडी फडक्यात गुंडाळली, बाईंच्या पाया पडले आणि बाहेर पडले. बाईंच्या ध्यानात काहीतरी आलं असावं, दारापर्यंत येऊन त्यांनी मला विचारलं, “बाबांना लागलं का हो काई?” मी गौरव्वाची गोष्ट सांगितली. त्या आत गेल्या, आणि चार धपाटी बांधून आणून बाबूरावांच्या हातात दिली.

फोनोची दुरुस्ती करणारे एक मिस्त्री चौकामागच्या बोळात बसतात, जुना फोनो घेतातही. अप्पा सरळ तिथं गेले. वाटेत मी ‘विकू नका’ म्हणून सांगितलं, बाबूरावांनीही सांगितलं. चक्क आमच्या दोघांचं एकमत झालं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

मिस्त्रींनी पेटीचं झाकण काढलं आणि नाकाला रुमाल लावला. आत चक्रांवर पिवळा, चिकट साका, गुळाच्या काकवीसारखा.

“चाचा, इसमें क्या डाले जी?”

“त्याल,” अप्पा म्हणाले. “घान्याचं चोख. दर सोमवारी देतो. चार वरसांत एक सोमवार चुकला न्हाय.”

“कायका तेल?”

“करडईचं.”

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. “अरे, मशीन हाय ये! भजियां तलनेके हैं क्या इसमें?”

दुकानात दहा पिंप तेल असणारा माणूस बाहेरचं तेल कशाला आणेल? गौरव्वा होती तेव्हा फोनोबरोबर आलेलं बारीक कुपीतलं तेल वापरी. ती गेल्यावर अप्पांनी आपल्याकडचं सर्वांत चांगलं तेल मनापासून घातलं, आणि करडईचं तेल सुकून चिकटत गेलं, आणि गाणं दर सोमवारी थोडं थोडं दुःखी होत गेलं. रोज ऐकणाऱ्याला ते कळणार कसं!

विकत घ्यायचा तर आधी चालवून बघायला हवा, म्हणून मिस्त्रींनी घासलेटानं चक्रं धुतली, कुपीतलं तेल दिलं, चावी फिरवली आणि अप्पांच्या हातातली तबकडी काढून लावली.

सोनाबाई कर्ण्यातून तडातडा बोलू लागल्या. ‘किती उशीर केलास राया’ म्हणता म्हणता भाकर निवूनही गेली. बोळातली दोन माणसं मान डोलवत थांबली. बाबूराव माझ्या बरगडीत कोपर मारणार होते, तेवढ्यात ते अप्पांकडं बघून थांबले.

अप्पा उठून उभे राहिले होते. उजवा हात हवेत भाकरी थापल्यासारखा हलत होता.

“मास्तर,” ते म्हणाले, “ही गौरव्वाची चाल. भाकरी थापताना ह्याच चालीवर म्हनायची. हात आन् गानं बराबर. मी गल्ल्यावर ऐकायचो. मी पार इसरलो हुतो, मास्तर. चार वरसं मला वाटलं ती रडत हुती.”

“मग?” मी विचारलं.

“भांडत हुती की!” अप्पा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि ते हसत होते. मलाही रडू आलं, सांगायला लाज वाटत नाही. बाबूरावांनी नव्या कोटाच्या बाहीला डोळे पुसले आणि मग बाहीला डाग पडला का ते उजेडात धरून पाहिलं.

मिस्त्रींनी “बेचना हाय क्या?” विचारलं. अप्पांनी पेटी त्यांच्या हातून अशी ओढली की मिस्त्री चावी हातात घेऊन बसले.

परतीच्या गाडीत बाईंची धपाटी खाल्ली. येताना कर्णा बाबूरावांनी आपणहून धरला होता. कुर्डुवाडीला उतरताना म्हणाले, “सदरा शनवारी घिऊन जा, मास्तर.” शनिवारी गेलो, झाला नव्हता.

आता घरी येऊन महिना झाला. सोलापूरला जाऊन काय मिळालं म्हणाल तर चटणीची पुडी, कर्ण्यानं मांडीवर पडलेला वळ, आणि अर्थ सांगण्यापूर्वी यंत्र तपासावं ही अक्कल. ओट्यावर आता गर्दी कमी असते, कारण गाणं लवकर संपतं आणि वासही येत नाही. माझी तर व्याख्यानं बंदच आहेत.

पण दिवेलागणीला दुकानाच्या फळ्या लागतात, हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं. गिऱ्हाईक गूळ मागत उभं असलं तरी लागतात. अप्पा आत जाऊन चुलीसमोर पाटावर बसतात, सून गरम भाकरी वाढते, आणि शेजारी फोनो सुरू होतो. काल मी पोस्टाचं पाकीट द्यायला मागच्या दारानं गेलो होतो. सोनाबाईंनी ‘किती उशीर केलास राया’ म्हणून तोंड सोडलं, तसा अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि कर्ण्याकडं बघून म्हणाले, “बंदे की ग. बसलोय न्हवं हितं.”