टबावरचं झाकण

प्रयोगशाळेत त्याला सगळे मामा म्हणत. तिथल्या प्रमुख मॅडम म्हणत, मॅडमचे विद्यार्थी म्हणत, आणि तेच विद्यार्थी पुढे कुठेतरी साहेब होऊन पाहुणे म्हणून आले की तेही आधी कोट सारखा करून घेत आणि मग मामाच म्हणत. सख्खी भाची त्याला एकच होती आणि ती सहा तासांच्या अंतरावर राहायची. बाकीचा मामेपणा त्याला नोकरीबरोबर मिळाला होता, खाकी डगल्यासारखा. डगला दोन वर्षांनी बदलून मिळे, मामेपणा तेवढा एकतीस वर्षं तोच.

काम काचेची भांडी धुण्याचं. बीकर, नळ्या, फ्लास्क. धुतलेला बीकर तो उजेडासमोर धरून एक डोळा मिटून बघायचा. नवीन मुलांना वाटे, मामा काहीतरी शास्त्रीय निरीक्षण करतोय. मामा फक्त डाग बघत असे.

त्या प्रयोगशाळेचा सगळा संसार एका पांढऱ्या पुडीवर चालला होता. टायटॅनियम डायऑक्साइड. नाव ऐकून दचकायचं कारण नाही. भिंतीच्या रंगाला पांढरेपणा येतो तो बहुतेक हिच्यामुळेच. फक्त इथे ती पूड इतकी बारीक करत की तिच्यापुढे मैदा म्हणजे खडी वाटावी. एवढं बारीक झालं की त्याला नॅनो म्हणायचं. ही पूड निळा रंग कालवलेल्या पाण्यात टाकायची आणि वर दिवा लावायचा. उजेड अंगावर पडला की ती पिसाळते, रंगाचे तुकडे तुकडे करते, आणि दीड तासात पाणी नितळ. "रंग लपत नाही मामा, मरतो," असं मॅडमनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं आणि मामाला ते इतकं आवडलं होतं की त्या दिवशी त्याने एक बीकर दोनदा धुतला.

पण या पुडीची एक खोड होती. अंधारात ती कामाला हात लावत नाही, नुसता रंग अंगाला चिकटवून घेते. पाणी स्वच्छ दिसतं, माणूस खूश होतो, आणि रंग मात्र पुडीच्या पाठीवर बसून मजेत असतो. म्हणून दिवा लावण्याआधी अर्धा तास बीकर काळ्या खोक्यात ठेवायचा. चिकटायचं तेवढं चिकटून घेऊ दे. त्यानंतर उजेडात जे जाईल तेच गेलेलं धरायचं. या नियमाचा राखणदार मामा. कुणी घाईघाईने थेट दिवा लावून आनंदाने ओरडला, की मामा मागून येऊन विचारायचा, "काय साहेब, पाणी स्वच्छ झालं की पूड घाण झाली?" त्या एका प्रश्नावर दोन जणांचे प्रबंध सहा-सहा महिने लांबले होते. दोघंही अजून मामाला पत्र पाठवत नाहीत.

घरी मामाला मामा म्हणणारं कुणी नव्हतं. घरी होती आक्का, त्याची थोरली बहीण. त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, आणि त्याच्या वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीही ती त्याला "बाळ" म्हणून हाक मारी, तीही भर रस्त्यात. दोघांच्या खोल्या एकाच अंगणात समोरासमोर. मामाचं लग्न जमता जमता राहिलं होतं आणि आक्काचा नवरा फार लवकर गेला होता, त्यामुळे भांडायला दोघांना एकमेकांशिवाय दुसरं कुणी नव्हतं. आणि ती कसर ते मन लावून भरून काढत.

आक्काचंही काम धुण्याचंच. पलीकडच्या रस्त्यावरच्या छोट्या प्रसूतिगृहाच्या चादरी गेली चाळीस वर्षं ती धुवत होती. "आपलं घराणंच धुणाऱ्यांचं," मामा म्हणे. "आहे ना," आक्का म्हणे, "पण मी धुते त्यावर माणसं जन्मतात. तू धुतोस त्यात काय जन्मतं रे?"

आक्काच्या मुलीने, म्हणजे त्या एकुलत्या भाचीने, तिला आपल्याकडे नेण्याचा धोशा दहा वर्षं लावला होता. आक्काचं उत्तर ठरलेलं : "माझ्या हाताला चादरी आहेत तोवर मी हलायची नाही. ज्या दिवशी त्या थांबल्या, त्या दिवशी तू सांगशील त्या गाडीत बसेन." आक्का शब्दाची पक्की. चादरी आहेत तोवर आक्का समोरच्या खोलीत आहे, हे मामाने इतकं गृहीत धरलं होतं की त्याचा कधी विचारही केला नव्हता.

आणि मग अंगणातली विहीर गुलाबी झाली.

मागच्या गल्लीत कापड रंगवायचा कारखाना निघाला होता. पहिले काही महिने पाणी नुसतं आंबूस लागलं, मग पोहऱ्यात संध्याकाळचं आभाळ दिसायला लागलं, भर दुपारी. तक्रार केली. एक गृहस्थ येऊन बाटलीत पाणी भरून घेऊन गेले. सात महिन्यांनी अहवाल आला : पाण्यास रंग असल्याचे आढळले. "बरं झालं बाई कळलं," आक्का म्हणाली, "मी आपली उगीच डोळ्यांना दोष देत होते."

नळाला चार दिवसांनी पाणी येई, तेही पिण्यापुरतं. चादरी विहिरीवरच. प्रसूतिगृहाच्या मोठ्या सिस्टरांनी एक चादर आक्कासमोर उलगडली.

"आक्का, हा रंग बघा. बाळंतिणी विचारतात, आधीचं रक्त गेलं नाही का म्हणून."

"रक्त नाही हो ते, पाणीच तसं आहे."

"मला ठाऊक आहे. त्यांना कसं सांगू?" सिस्टर चांगल्या होत्या, त्यामुळे पुढचं त्यांना जड गेलं. "महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर यंत्रावर धुणाऱ्यांकडे द्याव्या लागतील."

त्या संध्याकाळी आक्का भांडली नाही. मामाने दोनदा मुद्दाम खोडी काढली, चहाला पाणचट म्हणाला, तरी नाही.

दुसऱ्या दिवशी तो मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

"मॅडम, ती पूड थोडी हवी होती. घरच्या कामाला."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मामा, आपण इथे पेलाभर पाणी घेतो. त्यात एकच रंग, तोही मोजून टाकलेला. विहिरीत काय काय असेल कुणास ठाऊक."

"एकतीस वर्षं बघतोय मॅडम. एकदाही निळं राहिलं नाही."

मॅडम उठल्या आणि मागचं कपाट उघडून दिलं. पदव्या घेऊन गेलेल्या मुलांच्या उरलेल्या पुड्या तिथे बरण्यांत होत्या. कुणी चांदी घातलेली, कुणी लोखंड घातलेली, कुणी काहीच न घालता तीन वर्षं काढलेली. मामाने सगळ्या एका पिशवीत ओतल्या. एकतीस वर्षांचं शास्त्र साधारण दोन किलो भरलं.

रविवारी गच्चीवर मोठा टब मांडला. आक्का कमरेवर हात ठेवून उभी.

"हे पीठ टाकून पाणी स्वच्छ होणार? पिठाने पाणी घाण होतं रे बाळ."

"हे पीठ नाही. पाणी भर, पूड टाक, दिवसभर मधूनमधून ढवळ. संध्याकाळी वरचं पाणी फडक्यातून गाळून पिंपात ओत. बाकी सगळं ऊन करील."

एवढं सांगून सोमवारी मामा कामावर गेला. घरी यायला त्याला दिवेलागण व्हायची. आला तर आक्का जिन्यातच उभी, हातात तांब्या.

"बघ!"

पाणी स्वच्छ होतं. किंचित दुधाळ, पण गुलाबी थेंबभरही नाही. मामाने तांब्यातलं पाणी काचेच्या पेल्यात ओतलं, दिव्यासमोर धरलं, एक डोळा मिटला. मग दुसरा डोळाही मिटायची पाळी आली, कारण तो भरून आला होता. इतकी वर्षं लोकांच्या पदव्यांसाठी जे पाणी नितळ झालं, ते आज पहिल्यांदा त्याच्या घरात झालं होतं. त्या आनंदात तो गच्चीवर गेला नाही, टबाच्या तळाशी बघितलं नाही. जो प्रश्न त्याने अख्ख्या प्रयोगशाळेला विचारला होता, तो स्वतःला विचारायचा राहिला.

शुक्रवारपर्यंत दोन पिंपं भरली. शनिवारी सिस्टरांनी चोवीस चादरींचं गाठोडं पाठवलं आणि मामाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आक्काने मोठ्या पातेल्यात ते पाणी चढवलं, चादरी बुडवल्या आणि उकळी आल्यावर नेहमीसारखा मूठभर धुण्याचा सोडा टाकला.

पाणी गुलाबी झालं. हळूहळू नाही, कुणी तरी लपून बसलेलं अंगावर ओरडत यावं तसं. फडक्यातून सुटलेली बारीक पूड जो रंग आठवडाभर पाठीवर घेऊन बसली होती, तो सोड्याने एका दमात खाली उतरवला. चादरी बाहेर काढल्या तेव्हा त्यांच्यावर डाग नव्हते, नकाशे होते.

मामा धावत गच्चीवर गेला. टबावर लाकडी झाकण होतं. वर वजनाला दोन विटा. झाकण उचललं तर तळाशी गुलाबी चिखल.

"आक्का, हे झाकण कधी ठेवलंस?"

"कधी म्हणजे? रोजच. ढवळायचं आणि झाकायचं. कबुतरं काय कमी आहेत का? पाणी उघडं ठेवू नये, आईने नाही शिकवलं?" आणि मग त्याचा चेहरा बघून, बारीक आवाजात, "नव्हतं का झाकायचं?"

मामाने कान खाजवला. "तसं काही नाही. पूडच जुनी होती."

"बाळ, तू खोटं बोलताना कान खाजवतोस. दुसरीत असल्यापासून."

मग त्याला सांगावं लागलं. अंधार, उजेड, सगळं. आक्का पायरीवर बसली. "म्हणजे माझ्या हातानेच घालवलं म्हण ना." हे ती त्या दिवशी चार वेळा म्हणाली, दुसऱ्या दिवशी सात वेळा. मामाने मोजलं, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. गाठोडं परत करायला तोच गेला. सिस्टरांनी चादरी उलगडल्या, पुन्हा घड्या घातल्या. "शुक्रवारपर्यंत थांबते," म्हणाल्या. महिना शुक्रवारी संपत होता.

मामाने चार दिवसांची रजा टाकली. एवढी लांब रजा एकतीस वर्षांत प्रथमच, म्हणून कचेरीत कुणाला तो अर्ज कुठे ठेवायचा ते कळेना. टब धुतला. पिशवीत उरलेली कोरी पूड घेतली. अर्धा तास काळं कापड घातलं, घड्याळ लावून. मग कापड काढलं आणि डोक्याला रुमाल बांधून उन्हात बसला. कबुतरं हाकली. ढवळलं. आक्का दर तासाला वर येऊन विचारी, "गेला का रे?" आणि उत्तर न ऐकताच खाली जाई.

सोमवारी सूर्य मावळला तेव्हा पाणी होतं तसंच होतं. मंगळवारी त्याने अर्ध्याहून अधिक पाणी काढून टाकलं; गढूळ पाण्यात ऊन चार बोटांच्या खाली उतरतच नव्हतं. बुधवारी रंग फिकट वाटला. त्या विहिरीत रंगाखेरीज साबण होता, तेल होतं, कुजलेली पानं होती, आणि बिचाऱ्या पुडीला रंगाकडे वळण्याआधी ते सगळं पचवावं लागत होतं. गुरुवारी दुपारी पाणी नितळ झालं. मामाने आधी टबाच्या तळाशी बोटं घातली. पूड पांढरी होती. रंग लपला नव्हता, मेला होता. मॅडम खऱ्या होत्या, पूड खरी होती.

बादली एक भरली. चोवीस चादरींना चाळीस लागत. मामाने गच्चीच्या कठड्यावर कोळशाने हिशेब मांडला. चार उन्हं, एक बादली. एका गाठोड्याला एकशे साठ उन्हं, तीही ढग आले नाहीत तर. त्याने तो हिशेब पुसला आणि पुन्हा मांडला. तेवढाच आला.

आक्का वर आली तेव्हा तो बादलीशेजारी बसला होता.

"झालं?"

"झालं. एक बादली." त्याने कानाला हात लावला नाही, हे तिने नीट पाहिलं. "आक्का, तुझ्या झाकणाचा काही दोष नव्हता. नसतं ठेवलंस तरी हेच झालं असतं."

आक्काने मोठा श्वास सोडला. पाच दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. "मग ठीक आहे," ती म्हणाली. एका वाक्यात तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं आणि त्याच वाक्यात ती लेकीकडे निघूनही गेली होती, हे दोघांनाही कळलं होतं.

"गाडी किती वाजता असते रे?" तिने विचारलं.

"सकाळी एक आहे. पण त्यात फार धक्के बसतात."

"मग दुपारची."

"दुपारच्या गाडीला फार ऊन लागतं."

"आता तू तरी उन्हाचं नाव काढू नकोस बाबा," आक्का म्हणाली आणि तिला हसू आलं. मामाला आलं नाही.

त्या एका बादलीत आक्काने एक चादर धुतली. प्रसूतिगृहाची नाही; मामाच्या पलंगावरची. गच्चीवर वाळत घातली तेव्हा ती इतकी पांढरी दिसत होती की शेजारीण खालून ओरडून विचारती झाली, साबण कोणता. आक्का घडी कशी घालायची ते मामाला दाखवत होती, कोपऱ्याला कोपरा. त्याला घडी येत नसे. चाळीस वर्षं त्याला ती यायची गरज पडली नव्हती.

"असं नाही रे. आधी इकडून धर."

"धरलं की."

"घट्ट धर बाळ, सुटतंय."