सुपारीएवढी मूठ

भूतखेत, करणी, भानामती यातलं मी काही मानत नाही. आजही नाही. चौथीपर्यंत शिकले, पण तेवढ्यात एवढं कळतं की माणसाला माणूसच छळतो... बाकी कुणाला वेळ नसतो. तुमच्या सदरात लोक पिंपळाखालच्या बाईबद्दल लिहितात ते वाचून मला हसू येतं. तरी माझं लिहून पाठवतेय, कारण ज्यांच्या भीतीनं मी गप्प बसले, ते बहुतेक मेले. माझा राग काही मेला नाही.

बोरीजवळचं आमचं गाव. नाव लिहीत नाही, तिथं लेकीबाळी नांदतात. नामांतराच्या आंदोलनाची शेवटची वर्षं ती. एसटी कधी गावात यायची, कधी जिंतूरलाच अडायची. नवरा गेल्यापासून मी महालक्ष्म्यांचे मुखवटे करून विकत होते. त्यांचे प्लास्टरचे साचेही माझेच.

माझा भास्कर मुंबईत फायबरच्या कारखान्यात होता. एकदा सुट्टी काढून एक खोकं घेऊन आला. आत जपानी रोबोचे प्लॅस्टिकचे सुटे भाग. जोडले की दीड वीत उंच बाहुला होतो. पण त्याच्या मालकाला तो तसाच नको होता. धड तेच ठेवून डोकं, खांदे आणि हात नवे हवे होते, रेझिनचे — साच्यात ओतलं की घट्ट होणाऱ्या रसायनाचे.

"कन्व्हर्जन किट म्हणतात आई याला," भास्कर म्हणाला. "नमुना पास झाला तर साच्याचं सगळं काम मालक मला देणार. आणि साचा तुझ्यासारखा कुणाला येतो?"

"म्हंजी जुन्या नवऱ्याला नवे हातपाय लावायचे," मी म्हणाले. "आमच्या टायमाला न्हवती बाबा अशी सोय."

त्यानं पुट्टीतून मूठ कोरली, सुपारीएवढी. तिच्यावर रबर ओतून दोन भागांचा साचा मी केला. रेझिनमध्ये हार्डनरचे थेंब टाकायचे, ढवळायचं, बारीक धारेनं ओतायचं, साच्याला टिचक्या मारून बुडबुडे वर काढायचे. निघालेला भाग पाण्यात पॉलिश पेपरनं घासायचा. मग मनगटाला भोक पाडून सायकलच्या स्पोकचा तुकडा बसवायचा, म्हणजे हात दंडात घट्ट बसतो. वास डोकं उठवणारा, म्हणून सगळं काम ओट्यावर. सुपात मुठी, डोकी, तारा... जाणारे-येणारे थांबून बघायचे.

शेजारी गोदाबाईचं घर. तिची सून कमल, वीस-बावीसची असेल. पोळ्यापासून तिची उजवी मूठ आवळली ती उघडेचना. डॉक्टरनं सुई दिली, घरच्यांनी तेल चोळलं, काही फरक नाही. मग कुठूनसा एक जाणता बोलावला — भानामती उतरवणारा. त्यानं कमलचा हात नंतर बघितला, आधी माझा ओटा बघितला. सुपात मुठी, मुठींत तारा खुपसलेल्या. झालं.

दुपारी अख्खी आळी माझ्या दारात. पुढे गोदाबाई, तिच्यामागे तिचा पोरगा नामदेव, म्हणजे कमलचा नवरा.

"कौसे, माझ्या सुनेची मूठ बांधलीस तू. सोड."

"गोदे, ह्यो रोबो हाय. खेळणं हाय जपानचं."

"जपानची भानामती करायलीस व्हय?" कुणीतरी मागून म्हणालं आणि लोक हसले. हसले, पण हातातली काठी एकानंही खाली ठेवली नाही.

जाणता म्हणाला, "उद्या सकाळपत्तुर बाहुल्याची मूठ उघडली पायजे. न्हाई तर हिचे दात पाडा."

करणीवालीचे दात पाडतात — मंतर म्हणता येऊ नये म्हणून. खोटं वाटत असेल तर आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

"आरं येड्या, साच्यात मूठ हाय तर मूठच निघंल! मी काय करू त्याला?"

नामदेव सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. जाता जाता त्यानं रेझिनचा डबा लाथेनं उलथवला. सगळं मातीत गेलं. उजव्या मुठीचा साचा तेवढा आम्ही नुकताच भरून, सायकलच्या ट्यूबचे पट्टे बांधून ठेवला होता. तो मी पदराखाली धरला म्हणून वाचला. रात्री तो माझ्या उशाशी होता आणि दाराला आतून कडी होती.

सकाळी उठून दोघांनी परभणी गाठायची, असं ठरलं होतं. सामान बांधताना मी साच्याचे पट्टे सोडले.

आत मूठ नव्हती. उघडा पंजा होता.

पाची बोटं सरळ पसरलेली. फक्त करंगळी मधल्या पेरातून बाहेर वाकलेली. मनगट मात्र भास्करनं कोरलं तसंच, आमचंच. मी साच्यात बोटाचं टोक घालून चाचपलं. आत मुठीचाच खड्डा. भास्करनं साचा उजेडात धरून दहादा बघितला.

"आई, हे यातून निघूच शकत नाही."

"दिसतंय मला," मी म्हणाले.

तेवढ्यात शेजारून आरडाओरडा. "उघडली! कमलची मूठ उघडली!"

माझं काय झालं असेल बघा. मी जी नव्हते, तिचा पुरावा माझ्याच तळहातावर. तो कुणी बघितला असता तर माझ्या तोंडात एक दात राहिला नसता. मी पंजा ज्वारीच्या कणगीत खुपसला आणि दार उघडलं.

गोदाबाई म्हणाली, "सोडलंस ते बरं केलंस, कौसे."

"मी काय बी केलं न्हाई!" मी ओरडले.

"आता कशाला लपवतीस?"

जाणता धोतरजोडी आणि कोंबडं घेऊन गेला.

दात वाचले, नाव गेलं. पुढच्या महालक्ष्म्यांना एकाही घरानं माझा मुखवटा घेतला नाही. आणि त्याच घरांतल्या बाया मागच्या दारानं यायला लागल्या. एकीला जावेची जीभ बांधून हवी होती! तिला मी झाडू दाखवला आणि गाव सोडलं ते कायमचं. त्याआधीच भास्करनं नवं रेझिन आणून त्याच साच्यात ओतलं होतं. मूठ निघाली. पुन्हा ओतलं, पुन्हा मूठ. दोन मुठींचा तो रोबो पास झाला, त्याला काम मिळालं.

पुष्कळ वर्षांनी कमल परभणीला माझ्या खोलीवर आली. नामदेवला सोडून आली होती. तिला मी तो पंजा दाखवला. भास्करशिवाय कुणाला दाखवायची ती पहिली वेळ. तिनं आपला उजवा हात त्याच्याशेजारी ठेवला. करंगळी त्याच पेरातून, त्याच बाजूला वाकलेली.

"काकू, ह्यो माझाच हात हाय."

"बोटाला काय झालं व्हतं?"

"पोळ्याच्या दिशी नवऱ्यानं जात्याच्या खुंट्यानं मारलं. बोट मोडलं. हात फुडं केला तर अजून मारंल म्हणून आवळून धरला... मग उघडंचना."

"मग उघडला कसा?"

"ठावं न्हाई. पहाटं झोपेत कुणीतरी येकेक बोट सोडवायलंय असं वाटलं. त्येचा हात गार व्हता, काकू. गुळगुळीत."

पंजा तिनं मागितला, मी दिला.

भास्करनं जाणकारांना विचारलं. साचा ढिला पडला असेल म्हणाले. साचा ढिला पडला तर बोटं उगवतात का? मला उत्तर सापडलेलं नाही आणि आता सापडेल असं वाटत नाही. मी आजही भानामती मानत नाही.

कमलची मूठ उघडली तेव्हा वाकडी करंगळी साऱ्या गावानं बघितली. भानामतीनं वाकडी केली म्हणाले. सगळे माझ्या सुपातल्या तारा मोजत होते. खुंटा कुणाच्या हातात होता, हे एकानंही विचारलं नाही.