धुराकडे तोंड केलेली जीप

या ग्रुपवरचे अनुभव मी दुपारच्या चहासोबत वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. रागावू नका. पण माझं कामच असं आहे… मस्कतमध्ये रुवीला एका फोटो स्टुडिओत मी एकोणीस वर्षं जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करतेय. लोक येतात, "आजोबांच्या मागे कोणीतरी पांढरं उभं आहे बघा" म्हणतात. मी म्हणते, बाबा रे, बुरशी आहे ती, अल्बम दमट कपाटात ठेवलास तर दुसरं काय होणार! आजवर अशी भुतं किती पुसली त्याचा हिशेब नाही. आम्ही वसईचे, कॅथलिक. रविवारची मिस्सा चुकवत नाही, पण शकुन-अपशकुन, भानामती वगैरे आमच्या घरात कोणी मानलं नाही. मी तर मुळीच नाही.

म्हणून हे लिहायला दोन वर्षं लागली. आणि लिहितेय ते तुम्हाला घाबरवायला नाही… माझ्या मनातून जात नाही म्हणून.

आधी माझ्या भावाविषयी सांगते. रेमंड माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा. सोहारला एका कारखान्यात आग विझवायच्या पंपांचा टेक्निशियन आहे. त्याला ओमानला आणला तो मीच. तो निघाला तेव्हा मी सुट्टीवर घरीच होते. आईने माझा हात घट्ट धरला होता, "तुझ्या जिवावर पाठवतेय गं." लग्न नाही, व्यसन नाही, एकच वेड – गाड्या. भंगारातून एक जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप उचलून आणली आणि सलीम नावाच्या तिथल्याच ओमानी सहकाऱ्यासोबत वर्षभर खपून चालती केली. अंगाने सायीच्या रंगाची, पण ड्रायव्हरचं दार दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचं, समुद्री हिरवं. "अरे, रंग दे त्या दाराला, ठिगळ लावलेल्या चड्डीसारखं दिसतं," असं मी त्याला दर भेटीत म्हणायची. तो म्हणायचा, "इन्शाल्ला, ताई." म्हणजे कधीच नाही.

तर दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात कॉलिन नावाचे एक म्हातारे ऑस्ट्रेलियन गृहस्थ दुकानात आले. तीसेक वर्षं ओमानात शेतीच्या पाण्याचं काम करून इथेच राहिलेले. त्यांचे वडील त्यांच्या गावच्या वणवा विझवणाऱ्या दलात होते. वडिलांनी काढलेल्या रंगीत स्लाइड्सचा डबा त्यांनी काउंटरवर ठेवला. एकोणचाळीस स्लाइड्स, आणि सगळ्यांत गाड्याच! जुन्या जीपा, पाण्याच्या टाक्या चढवलेले ट्रक, मागे उभी राखेने माखलेली माणसं, जळलेलं गवत. बहिणीच्या वाढदिवसाला त्यांना अल्बम पाठवायचा होता.

पहिल्याच खेपेला मी माती खाल्ली. स्लाइड उलटी घातली तर चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं होतं, हे माझ्या धंद्यातलं अ-आ-इ. तरी तीन स्लाइड्स मी उलट्या स्कॅन केल्या आणि मला पत्ताच नाही! कॉलिन साहेबांनी प्रिंट बघून लगेच बोट ठेवलं, "आमच्याकडे स्टीअरिंग उजवीकडे असतं, मॅडम." आपल्या भारतातही उजवीकडेच असतं. पण एकोणीस वर्षं इथल्या टॅक्सीत बसून माझ्या डोळ्यांना डावीकडचं स्टीअरिंगच बरोबर वाटायला लागलंय, त्याला काय करणार. एवढी लाज वाटली! त्यानंतर मी प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात लाल ठिपका काढला, म्हणजे सुलट बाजू कुठली त्यात घोळ नको.

तेव्हाच त्यांनी एक गोष्ट दाखवली. त्या फोटोंत उभी केलेली प्रत्येक गाडी रस्त्याकडे तोंड करून होती, आगीकडे पाठ. "आमचा नियम," ते म्हणाले. "आगीजवळ पोचलात की पहिलं काम गाडी वळवणं. तोंड बाहेर, काचा वर, किल्ली गाडीतच. वारा फिरला तर वळवायला वेळ मिळत नाही."

पुढच्या बुधवारची गोष्ट. एक ते चार आमचं दुकान बंद असतं. मी दार्सैतला राहते, जवळच, पण त्या उन्हात जाऊन-येऊन जीव जातो, म्हणून मी दुकानातच डबा खाते. शटर अर्धं खाली, एसी चालू, आणि मागे शाजी – आमचा केरळचा प्रिंटिंगवाला – गादी टाकून पडलेला. मी सतरावी स्लाइड स्कॅनरमध्ये घातली.

आधी स्लाइडमध्ये काय होतं ते सांगते. एक विटकरी लाल जीप, आडवी उभी. डावीकडे डोंगरउतारावर धूर. उजवीकडे रस्ता. जीपचं तोंड उजवीकडे, रस्त्याकडे. लाइटबॉक्सच्या उजळ काचेवर ठेवून मी स्वतः पाहिलं होतं.

पडद्यावर जीपचं तोंड डावीकडे आलं. धुराकडे.

"गेली परत उलटी," म्हणून मी कपाळावर हात मारला. स्लाइड बाहेर काढली. लाल ठिपका जागच्या जागी होता. पुन्हा घातली. तेच. आणि मग लक्षात आलं – स्लाइड उलटी असती तर धूरही उजवीकडे गेला असता ना! धूर डावीकडेच होता. रस्ता उजवीकडेच. तारेचं कुंपण, एक वाकडा ओंडका, सगळं जिथल्या तिथे. फक्त जीप फिरली होती. ड्रायव्हरचं दार आपल्या बाजूला, सताड उघडं. आत स्टीअरिंग दिसत होतं, डावीकडचं. सीटवर कोणी नाही.

मी शाजीला हाक मारली. तो डोळे चोळत आला, म्हणाला, "उल्टा डाला होगा, मॅडम." मी म्हटलं, तू घाल. त्याने घातली. पडद्याकडे बघितलं, मग हातातल्या स्लाइडकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "ये कैसे…" एवढंच बोलला.

मी चित्र मोठं केलं. जीप लाल नव्हती. धुळीखाली सायीचा रंग दिसत होता. आणि ते उघडं दार… समुद्री हिरवं.

तुम्ही म्हणाल, मनाचे खेळ. मीही तेच म्हटलं असतं! पण शाजीने आपणहून विचारलं, "दरवाजा ग्रीन क्यों है?" त्याने रेमंडची जीप कधी पाहिलेली नव्हती.

मी तिथूनच रेमंडला फोन लावला. आता काय सांगणार? फोटोत तुझी गाडी दिसली, ऑस्ट्रेलियात, तुझ्या जन्माच्या आधीची?

"हां ताई, बोल पटकन, शिफ्टवर आहे."

"रेमंड, गाडी कुठेही लावलीस ना, तर तोंड बाहेर करून लाव. निघायच्या रस्त्याकडे."

"काय?"

"आगीबिगीच्या जवळ गेलास तर आधी वळव. मग काय ते कर."

तो हसायला लागला. "तू मला गाडी लावायला शिकवतेस? तुझ्याकडे लायसन्स तरी आहे का गं?"

माझ्या नाकावर राग असतोच. मी तिथेच ओरडले, "फाजीलपणा नको! आईची शपथ घे!"

त्याचं हसणं थांबलं. मग म्हणाला, "बरं बाई. शपथ. खलास?"

शुक्रवार इथे सुट्टीचा. दुपारच्या नमाजानंतर रेमंडला सलीमचा फोन आला. सोहारच्या मागे डोंगराकडे एका वादीत, म्हणजे कोरड्या नदीच्या खोऱ्यात, सलीमच्या वडिलांची खजुराची बाग आहे. वाळलेल्या झावळ्यांच्या ढिगाने पेट घेतला होता. सिव्हिल डिफेन्सची बंबाची गाडी निघाली होती, पण लांबून यायची होती. रेमंडने जीपमध्ये पंप आणि पाण्याची टाकी टाकली आणि सुटला. हे सगळं मला नंतर कळलं. मला संध्याकाळी पाच वाजता फोन आला, आवाज पार बसलेला, "ताई, मी ठीक आहे. तू सांगितलंस तशी लावली होती गाडी. म्हणून निघालो."

माझा जीव भांड्यात पडला. रडले, नवऱ्याला मिठी मारली, चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. आणि – हे लिहायला आता लाज वाटते – मी ते सगळ्यांना सांगत सुटले. बिल्डिंगमध्ये, चर्चच्या आवारात, वसईला आईला. मी, जी कशावर विश्वास ठेवत नाही! "देवाने मला दाखवलं म्हणून माझा भाऊ वाचला," असं मी छाती फुगवून सांगत होते. सलीमचे हात भाजलेत हे रेमंडने फोनवर सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, "अरेरे, होईल बरा."

शनिवारी दुकानात गेल्या गेल्या मी ती फाइल उघडली. लाल जीप, तोंड रस्त्याकडे. स्लाइडमध्ये होती तशीच. बुधवारच्या त्या सगळ्या स्कॅनमध्ये तेच चित्र. शाजीने छातीवर क्रॉस केला आणि त्या स्कॅनरला पुढे आठवडाभर हात लावला नाही.

मंगळवारी कॉलिन साहेब अल्बम न्यायला आले. खूश झाले. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या वडिलांच्या दलात कोणी कधी आगीकडे तोंड करून गाडी लावायचं का?"

"नाही," ते म्हणाले. मग पान उलटता उलटता थांबले. "म्हणजे… लावायचे कधीकधी. आत कोणी राहिलं असेल तर. तेव्हा माणूस वळवत बसत नाही. जातो, दार तसंच टाकतो आणि पळत आत शिरतो."

मी उठून मागे निघून गेले. बिलसुद्धा शाजीनेच केलं.

त्या आठवड्यात रेमंडने माझे फोन उचलले नाहीत. शेवटी मी बस पकडून सोहारला गेले. तो हॉस्पिटलच्या बाहेर त्याच जीपमध्ये बसला होता, सलीम आत वॉर्डात. मी त्याच्या शेजारी चढून बसले. तो समोरच्या काचेतून बाहेरच बघत होता.

मग म्हणाला, "ताई, सलीम बकऱ्या सोडवायला आत गेला होता. मागच्या गोठ्यात बांधलेल्या. वारा फिरला. मी दोन हाका मारल्या. दोनच. आणि जीपमध्ये बसलो. किल्ली आतच होती, तोंड रस्त्याकडे होतं. नुसता पाय दाबायचा होता… दाबला."

"अरे, मग काय करणार होतास? तुझा जीव–"

"ऐक ना. तिथला रस्ता केवढा आहे माहितेय? गाडी वळवायलाच मला पाच मिनिटं लागली होती आल्यावर. तुझी शपथ नसती तर मी वळवलीच नसती. तशीच घुसवली असती, तोंड आगीकडे. मग पळता आलंच नसतं. मी आत गेलो असतो, ताई. त्याच्यासाठी."

सलीम एकटा बाहेर आला. गोठ्याचा तापलेला लोखंडी दरवाजा हातांनी ढकलून, पाण्याच्या पाटातून रांगत. आता दोन वर्षं झाली, त्याची बोटं मिटत नाहीत. पंपाचं काम गेलं. तो रेमंडला एका शब्दाने बोलला नाही, उलट आपल्या आईच्या हातून त्याला खजूर पाठवत राहिला. रेमंडला तेच सहन होत नाही. त्याने जीप विकली. माझ्याशी बोलतो… सणाला, आईच्या औषधांबद्दल. पूर्वीसारखा नाही.

मला काय दिसलं होतं, मला माहीत नाही. स्कॅनर कंपनीच्या माणसाला दाखवला, तो म्हणाला काही बिघाड नाही. शाजी अजून म्हणतो की त्यानेही पाहिलं. मी धोक्याची सूचना समजले. पण त्या चित्रात जीप जळत नव्हती, कोणी मेलेलं नव्हतं. फक्त दार उघडं होतं आणि सीट रिकामी. कदाचित माझा भाऊ सलीमला आणायला गेलेला असेल. कदाचित दोघं धड बाहेर येणार असतील. कदाचित दोघांतला एकही येणार नसेल. ते आता कोण सांगणार?

स्पष्टीकरण कोणाकडे असेल तर जरूर लिहा, मी वाचीन. पण एक गोष्ट मी कन्फेशनलाही सांगितलेली नाही, ती इथे सांगते. उद्या तीच जीप पुन्हा माझ्या पडद्यावर आली, आणि सलीमचे हात जाणार हे मला आधीच पक्कं ठाऊक असलं… तरी मी फोन रेमंडलाच लावीन, आणि पुन्हा तेच सांगीन.