चौदा संदेष्ट्यांची मंडळी

हॉस्पिटलात एकोणीस वर्षं नर्स आहे, म्हणून लोकांना वाटतं की माझ्याकडं तिथलेच किस्से असणार. खरं सांगू? ड्युटी संपली की हॉस्पिटलातलं विसरायला होतं. रविवारचं मात्र साठत जातं. अंबाजोगाईच्या कडेला पत्र्याच्या हॉलमध्ये आमची ख्रिस्ती मंडळी उपासनेला जमते, पन्नास-साठ माणसं. तिथली सेक्रेटरी मीच. म्हणजे दोन्हीकडं सिस्टर.

मागच्या वर्षी पाळकांनी कृपादानांवर ओळीनं चार उपदेश केले. देव प्रत्येकाला काही ना काही दान देतो. ते ओळखा, मंडळीसाठी वापरा, असं त्यांचं म्हणणं. मग छापील फॉर्म वाटले. आपलं जे दान असेल त्यावर टिक करायची.

फॉर्म मी गोळा केले. देवाचा संदेश देण्याचं दान चौदा जणांना, शिकवण्याचं नऊ जणांना. 'साहाय्य करणे' या चौकोनात एकही टिक नाही. पाळकांनी फॉर्म दोनदा चाळले आणि मला म्हणाले, "सिस्टर, संदेष्टे चौदा आहेत. सतरंज्या कोण घालणार?"

त्या रविवारी सतरंज्या पाळकांनीच घातल्या. संदेष्टे येऊन बसले.

*

चौदांमध्ये सगळ्यात सीनियर शामसनभाऊ. सरकारी ऑफिसातून रिटायर झाले, पण साहेबी आवाज ऑफिसात ठेवून आले नाहीत. एका प्रार्थनासभेत डोळे मिटून, हात वर करून म्हणाले, "प्रभू सांगतोय, इथं कुणीतरी आपल्या भावाबद्दल मनात राग धरून बसलंय. त्यानं उभं राहावं."

पाच जण उभे राहिले. भाऊंना भरून आलं. इतका अचूक संदेश त्यांना आजवर मिळाला नव्हता.

सभेनंतर पाळकांनी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, राग नेमका कुणावर आहे. पाचही जणांचा शामसनभाऊंवर होता.

*

संजीवनीबाईंनी टिक केली होती पाहुणचारावर. लातूरहून एक उपदेशक दोन दिवस मुक्कामाला येणार होते, तेव्हा पाळकांनी साहजिकच बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, नव्या सोफ्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, पाहुण्यांना तुमच्याकडंच ठेवा. वर हेही सांगितलं, की पाळकीणबाईंनी वरणाला फोडणी देताना फोन करावा, म्हणजे त्या सांगतील कशी द्यायची.

पाहुणचाराचं दान फोनवरूनही वापरता येतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

*

दाविदमामांनी 'निरोगी करणे' याभोवती गोल काढून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मामांचा आवाज मोठा आणि हात जड. त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, की माणूस नंतर मान चोळत उठायचा.

इथवर हसण्यासारखं होतं. पण मामांनी रत्नामावशींच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगून टाकलं, की शुगर गेली, आता गोळी खाल्ली तर तो अविश्वास. मावशी एकट्या राहतात, कुणाला उलट बोलायची सवय नाही. त्यांनी गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांनी माझ्याच वॉर्डात आल्या. तोंडाला कोरड, डोळे उघडेनात. दुसऱ्या दिवशी बोलता आलं तेव्हा सगळ्यात आधी माझा हात धरून म्हणाल्या, "मामाला सांगू नगं, माजाच इस्वास कमी पडला."

ड्युटी संपवून मी थेट मामांच्या घरी गेले. मामा जेवून उठले होते आणि तळहातावर बीपीची गोळी होती. ही कसली, असं मी विचारलं. मामा जरासुद्धा गडबडले नाहीत. म्हणाले, "दान दुसऱ्यासाठी असतंय सिस्टर. सोतासाठी वापरता येत न्हाई."

मी मामांना गोळीसकट रिक्षात घातलं, वॉर्डात नेलं आणि मावशींच्या डोळ्यांदेखत ती गोळी गिळायला लावली. मग मावशी माझ्याकडं हात पुढं करून म्हणाल्या, "माजी दे."

*

फॉर्म वाटले तेव्हा शांताबाई इथं नव्हत्या. त्या नवऱ्याबरोबर ऊस तोडायला गेल्या होत्या. पाच महिन्यांनी परत आल्या आणि पहिल्याच रविवारी, देवानं काय केलं त्याची साक्ष द्यायला उभ्या राहिल्या.

उसाच्या फडात भर दुपारी शेजारच्या खोपीतल्या सुनेला कळा सुरू झाल्या. मुकादम फोन उचलेना. ट्रॅक्टर ऊस घेऊन कारखान्यावर गेलेला. गडीमाणसं लांब जाऊन उभी राहिली. पोरीची सासू नुसती रडत होती. शेवटी शांताबाई आत गेल्या. मुलगी झाली. आधी रडली नाही, मग पाठ चोळल्यावर रडली. आता मान धरते, आई पण बरी आहे. एवढं सांगून शांताबाई खाली बसायला लागल्या.

शामसनभाऊ पुढच्या रांगेतून उठले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "शांताबाई, त्या घडीला देवानं तुम्हाला काही दाखवलं का?"

"दाखवलं की भाऊ," शांताबाई म्हणाल्या. "कोयता दाखवला. म्या त्यो पाण्यात उकळून घेतला आन् नाळ कापली."