लहान तोंडाचा तबला

वारंगा फाट्यावर ट्रकचा हॉर्न वाजला की खिल्लारे सर त्याची पेटीवरची पट्टी सांगायचे. "पांढरी पाच. जरा उतरलेली हाय." चहावाला त्यांना अर्धवट समजायचा. नव्वदच्या सुमारास ते फाट्यावरच्या माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात पहिल्यांदा आले ते बंद पडलेलं घड्याळ घेऊन, पण नजर गेली कपाटावरच्या तबल्यावर. तबला माझ्या अब्बांचा, माझा हातही त्यांनीच बसवलेला.

"वाजवता काय, रशीदभाई?"

"गाणारं कुणी असलं तर."

"मंग आता हाय," म्हणाले आणि घड्याळ तिथंच विसरून तंबोरा आणायला गेले.

सर डोंगरकड्याच्या शाळेत संगीत शिकवायचे. शहरात गुरूंकडे कितीतरी वर्षं राहून शास्त्रीय गाणं शिकले होते. आई आजारी पडली म्हणून परतले, पुढे आई गेली, लग्न राहूनच गेलं. माझ्या दुकानामागच्या खोलीत एकटे राहायचे. गळा मात्र असा, की बाकीचे पुरुष काळी एक, काळी दोनमध्ये गातात आणि हे त्याहून कितीतरी वर, काळी चारमध्ये. अब्बांचा तबला तेवढा चढेना, वरची चामड्याची पुडीच फाटली असती. म्हणून लहान तोंडाचा नवा करून आणला. बायको म्हणाली, "एका माणसासाठी तबला?" म्हटलं, "तू तरी कितीजणांसाठी आलीस?"

सरांना आयुष्यात हवं होतं ते एवढंच: आपल्या माणसांसमोर, आपल्या पट्टीत, एक संध्याकाळ पूर्ण गायची. बोलावणी यायची, पण दोन गाण्यांची. एका जयंतीला त्यांनी डोळे मिटून आलाप सुरू केला, तर माईकवाला कानाशी येऊन म्हणाला, "सर, माईक बराबर हाय. आता गाणं म्हना." सर हसले आणि गाणं म्हणाले. घरी येताना मात्र फाट्यापर्यंत तोच आलाप पुटपुटत आले.

वय झालं तसा वरचा सा फाटू लागला. मी म्हटलं, काळी दोनमध्ये गा की, कोण बोट दाखवणार आहे? ते म्हणाले, "पट्टी उतरवायची म्हंजे दुसऱ्याच्या घरात ऱ्हायचं, रशीदभाई. जेवायला भेटते, पन घर आपलं न्हाई." मला रागच आला. माणसानं इतकं ताठ असू नये.

ते निवृत्त झाले त्या वर्षी जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या पटांगणात पूर्ण मैफल ठेवली. मी दोन्ही तबले नेले, अब्बांचा मोठा आणि सरांसाठीचा लहान. सरांनी मोठा पाहिला आणि लहान माझ्यापुढे सरकवला. काळी चारमध्ये सुरुवात झाली. वरच्या सावर आवाज तुटला. पुन्हा गेले, पुन्हा तुटला. पुढच्या रांगेतली पोरं खुसखुसली. सर थांबले आणि हळूच म्हणाले, "मोठा घ्या."

सगळ्यांसमोर त्यांनी तंबोऱ्याच्या तारा उतरवल्या. बराच वेळ लागला, पण कुणी उठलं नाही. मग सर गायले, संध्याकाळभर गायले. माईकवालासुद्धा मांडी घालून बसला होता. शेवटी लोक उभे राहिले. माझे तर डोळे भरून आले.

परतताना जीपमध्ये मी म्हटलं, "सर, ऐकलं की लोकांनी."

"व्हय, मन लावून ऐकलं." मग म्हणाले, "पन ते मला ऐकायला आलते. अन् मी तिथं नव्हतो."

त्यानंतर त्यांनी तंबोऱ्याची गवसणी काढली नाही. मी संध्याकाळी खोलीत जाऊन बसायचो, ते चहा करायचे, आम्ही रस्ता ऐकत बसायचो. दोन हिवाळ्यांनंतर झोपेतच गेले. भाड्याच्या खोलीतून माणूस जावा तसे, आवाज न करता.

मोठा तबला भजनीमंडळी मागून नेतात. लहान कुणी मागत नाही, या भागात त्या पट्टीत गाणारं उरलंय कोण? अधूनमधून फाट्यावरून एखादा ट्रक काळी चारमध्ये हॉर्न देत जातो. मग मी हातातलं घड्याळ खाली ठेवतो, लहान तबला पुढे ओढतो आणि हातोडीनं तो सुरात आणून ठेवतो.