सासऱ्यांचं ‘बघू’

बदलापूर पूर्व आणि पश्चिम मिळून, हवं तर उल्हास नदीतले मासेही धरून, माझ्या सासऱ्यांच्या तोंडून ‘हो’ किंवा ‘नाही’ ऐकलेला एकही जीव आजवर जन्माला आलेला नाही. त्यांचं सगळं ‘बघू’. भाजीवाल्याने भेंडी पुढे केली, ‘बघू’. बेलवलीतल्या घरामागच्या वाडीसाठी एका बिल्डरने चपलांचे जोडच्या जोड झिजवले, त्याला ‘बघू’. शेवटी बिल्डर म्हातारा होऊन घरी बसला आणि आता त्याचा मुलगा येतो, नव्या चपला घालून. मी त्यांच्या मुलीला मागणी घातली तेव्हाही ओट्यावर बसून मला डोक्यापासून नखापर्यंत न्याहाळत ते ‘बघू’ एवढंच म्हणाले होते. पुढे पत्रिका छापल्या, हळद लागली, अंतरपाट धरला गेला, होकाराचा पत्ता नाही. भटजींनी सहज विचारलं, “सुरू करू ना, आप्पा?” आप्पा म्हणाले, “बघू.” भटजींनी घाबरून मंगलाष्टकं अशी काही पळवली की तांदूळ हवेत असतानाच लग्न लागलं. आमचा मुलगा कॉलेजात गेला, पण माझ्या माहितीप्रमाणे ते प्रकरण अजून विचाराधीन आहे.

असा माणूस पोकर खेळायला लागला तर समोरच्याने काय करावं? अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर आप्पांना तीन पत्तीचा कंटाळा आला आणि मोबाइलवर ते हा खेळ शिकले. खेळ तसा सोपा. दोन पत्ते हातात लपवायचे, पाच पत्ते मध्ये सगळ्यांसाठी उघडे पडतात, आणि ज्याची जुळणी मोठी तो जिंकतो. पाळी आली की एकतर काही लावायचं, नाहीतर काहीच न लावता पाळी पुढे ढकलायची. या ढकलण्याला ‘चेक’ म्हणतात. समोरच्याने लावलं की मात्र तेवढंच लावायचं, नाहीतर पत्ते टाकून डाव सोडायचा. पण आमच्या रविवारच्या बैठकीतले तिसरे गडी म्हणजे उल्हासनगर कॅम्प चारचे, झिपा आणि बटणांचे व्यापारी असलेले आप्पांचे सिंधी दोस्त, आमचे शेठ. त्यांनी पहिल्याच दिवशी कानावर हात ठेवले. “आप्पा साईं, चेक का नाम मत लो. आधा मार्केट चेक बाउंस होने से डूबा है!” तेव्हा आप्पांनी टेबलावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली आणि त्या इंग्रजी शब्दाला आपला घरचा शब्द दिला: “बघू.” त्या दिवसापासून आमच्याकडे चेक नाही, बघू आहे. पैसेही नाहीत, शेठच्या दुकानातली बटणं आहेत. शर्टाचं पांढरं बटण सगळ्यांत हलकं, कोटाचं त्याच्या वर, आणि जीन्सचं पितळी बटण म्हणजे साक्षात जहागीर.

आता गंमत अशी की इतरांच्या ‘बघू’त काहीतरी सापडतं. शेठ ‘बघू’ म्हणाले की त्यांच्या हातात कचरा असतो, कारण चांगले पत्ते आले की ते आधी चहा मागवतात. आप्पांच्या ‘बघू’त मात्र काही म्हणजे काही नसतं. हातात राजांची जोडी असो की दुर्री-तिर्री असो, स्वर तोच, टकटक तीच. शेठ तर वैतागून म्हणतात, “ये आदमी का मुंह है के दुकान का शटर?” उलट आप्पा आम्हाला उघड्या पेपरसारखे वाचायचे. मी थाप मारायला लागलो की माझा उजवा कान लाल होतो, हे माझ्या आईलाही ठाऊक नव्हतं. आप्पांनी ते दुसऱ्याच डावात हेरलं. “जावई, पत्ते कशाला झाकताव? कान झाका.” इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर एक थाप पचवली असेल तर शपथ.

मग आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी आम्हाला कळलंच नाही, कारण आप्पा आंधळेपणसुद्धा हातच्या पत्त्यांसारखं लपवून खेळत होते. एकदा मी दारामागे टांगलेल्या माझ्या रेनकोटला त्यांनी पाऊण तास वाडीच्या सातबाऱ्याची हकिगत सांगितली. मी आतून आलो तेव्हा जराही न वरमता म्हणाले, “तुमच्यापेक्षा हा बरा. मधी बोलत नाय.” पण पुढच्याच आठवड्यात स्टेशनच्या रस्त्यावर त्यांनी हात दाखवून एक डंपर थांबवला, रिक्षा समजून. डंपर थांबला म्हणूनच ही गोष्ट विनोदी आहे. बायकोने ती ऐकली आणि हातातली परात ओट्यावर आपटली. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणून केव्हाचे मागे लागले होते, मोतीबिंदू पिकत चालला होता, आणि आप्पांचं उत्तर आपल्याला माहीत आहेच. एकदाच ते माझ्याजवळ बोलले होते, तेही माझ्याकडे न बघता: “डोल्यात सुरी घालनार, आन् वर मला सांगनार, आप्पा हलू नका.”

त्या रविवारी जेवणं झाल्यावर पत्ते निघाले तेव्हा बायको पदर खोचून टेबलापाशी आली. “आप्पा, आता एकच डाव. ह्यांनी जिंकला तर उद्या दवाखान्यात भरती व्हायचं. तुम्ही जिंकलात तर मी परत विषय काढणार नाही.”

आप्पांनी टेबलावर टकटक केली. “बघू.”

“नहीं साईं!” शेठ ओरडले. “इसमें बघू नहीं चलेगा. खेलो, नहीं तो पत्ते छोड़ो!”

पत्ते सोडणं आप्पांच्या रक्तात नाही. चाचपत पत्त्यांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, “वाटा, जावई.” होकाराच्या इतक्या जवळ गेलेले आप्पा मी प्रथमच पाहिले.

शेठनी लवकरच पत्ते टाकले. मध्ये पाचही पत्ते उघडे पडले: तीन बदाम, इस्पिकची नव्वी आणि किलवरची दुर्री. माझ्या हातात एक नव्वी, म्हणजे नव्व्यांची जोडी, गरिबाचा संसार. ज्याच्या हातात दोन बदाम असतील त्याचे पाच बदाम जुळून तो मला सहज झोपवणार. पाळी आप्पांची. टकटक. “बघू.”

आता मी काय करावं? मीही ‘बघू’ म्हटलं तर पत्ते उघडणार, आणि आप्पांकडे जरा बरं काही असलं तर दवाखाना कायमचा गेला. सगळं लावलं तर ते कदाचित घाबरून सोडतील. पण त्यांच्या ‘बघू’मागे सापळा असला तर मीच त्यात पाय घालतोय. माझा उजवा कान तापायला लागला. आणि त्याच क्षणी लक्षात आलं की आप्पांना आज माझा कान दिसत नाही. आज त्यांना माझा कान आणि बटाटेभजी यातला फरक कळला नसता. मी सगळी पितळी बटणं पुढे सरकवली. “सगळी लावली, आप्पा.”

आप्पांनी आपले दोन पत्ते नाकाला लावले. मग खिडकीच्या उजेडाकडे तिरके धरले. मधल्या पत्त्यांवर वाकले. ‘शेठ, बदाम किती हायेत?’ एवढं विचारलं असतं तर शेठनी आनंदाने मोजून दाखवले असते. पण आप्पांनी विचारलं नाही. शेवटी ते माझ्या दिशेने, म्हणजे माझ्या जरा डावीकडे बघत म्हणाले, “जावई, आज आवाज लई सरल हाय तुमचा.” आणि पत्ते पालथे टाकले.

बायकोने झडप घालून ते उलटले. दोन्ही बदाम.

“अरे साईं! जीता हुआ माल छोड़ दिया!” शेठनी कपाळाला हात लावला.

“मना चौकट वाटले,” म्हणत आप्पा हात धुवायला गेले.

त्यावर आमच्याकडे अजून वाद चालतो. शेठचं म्हणणं, म्हाताऱ्याला खरोखर दिसलं नाही. बायको म्हणते, आप्पांनी माझी थाप आवाजावरूनच ओळखली होती. भीती टाकून द्यायला त्यांना नुसतं एक निमित्त हवं होतं. मी दोन्हीकडून मान डोलावतो, कारण जिंकलेल्या माणसाने फार खोलात जाऊ नये.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. आप्पांनी आधी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, मग नर्सच्या छातीवरची नावाची पाटी, मग मला. “जावई, जाड झाले.” मग त्यांची नजर मुलीवर गेली आणि तिथेच थांबली. तिच्या कानशिलावरचे केस पांढरे झालेत, हे आम्हाला रोजचंच आहे. आप्पांनी तिला इतकं स्वच्छ शेवटचं पाहिलं होतं ते बहुधा काळ्या केसांत.

“कवा पिकलीस गो बाय?”

“झाली की वर्षं, आप्पा,” ती हसून म्हणाली, आणि हसता हसता तिला हसणं आवरेना, आणि मग दुसरंच काही आवरेना.

परतताना रिक्षात आप्पा आम्हा दोघांच्या मध्ये बसले. तिची एक पांढरी बट वाऱ्याने सारखी पुढे येत होती आणि ते ती बोटाने कानामागे सारत होते. बेलवली येईपर्यंत ती बट काही कानामागे राहिली नाही, आणि आप्पांनीही ती सोडली नाही.